इन्सुलिननं माणूस फुगतो? आधी ब्लाऊजची टीप बघा

आमच्या जुळे सोलापुरात सध्या एक मेसेज फोनाफोनी फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'इन्सुलिन म्हणजे चरबीचं इंजेक्शन. महिन्यात दहा किलो वजन वाढतं. बंद केलं की आपोआप उतरतं, हाच पुरावा. एकदा टोचलं की जन्मभर सुटत नाही. त्यापेक्षा ज्वारीची कडक भाकरी पोटभर खा, साखर पळते.' शेजारच्या मावशींनी तो आईला वाचून दाखवला. त्या रात्री आईनं इन्सुलिनचं पेन हातात घेतलं आणि न टोचता परत फ्रीजमध्ये ठेवलं. "घेतलं तर फुगंन, नाही घेतलं तर मरीन. करू काय सांग."

तर सांगते.

वजन वाढतं, हे खरंच आहे. पण किती? ब्रिटनमधल्या टाइप २ मधुमेहींवरचा यूकेपीडीएस हा मोठा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात इन्सुलिनवाल्यांचं वजन मुख्यतः पथ्यावर ठेवलेल्यांपेक्षा सरासरी ४ किलोनं जास्त वाढलं, तेही दहा वर्षांत. आणि औषधानं साखर आवळून धरलेल्यांमध्ये डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले. मेसेजमध्ये हे दुसरं वाक्य कुणी घालत नाही.

आता 'चरबीचं इंजेक्शन'. आईचं मूळ वजन ५८ किलो. साखर चढत गेली तशी ती ४९ वर आली. घरच्या मशीनवर तिचे सहा ब्लाऊज मी दोन्ही बाजूंनी टीप मारून आत घेतले. नातेवाईक म्हणायचे, "काय छान बारीक झालीस!" रात्रीत चारदा लघवीला उठणारी बाई छान कुठली? रक्तातली साखर साधारण १८० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर गेली की किडनीला ती अडवता येत नाही, लघवीवाटे निघून जाते. समजा दिवसाला ६० ग्रॅम गेली, तर २४० कॅलरी गेल्या. म्हणजे जवळपास दीड भाकरी रोज मोरीत. शिवाय इन्सुलिन कमी पडलं की शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी मोडून खातं. इन्सुलिन सुरू झालं, गळती थांबली, खाल्लेलं अंगी लागू लागलं. सहा महिन्यांत ५६. मावशींच्या हिशेबानं सात किलो वाढले. माझ्या हिशेबानं अजून दोन यायचेत. टिपा मीच उसवल्या.

याच्या पलीकडे वाढतं ते बहुतेक ताटातून. खाणं तेवढंच राहिलं आणि गळती थांबली, तर काटा पुढे सरकणारच. त्यात भीतीचं खाणं. गड्ड्याच्या जत्रेत आई जेवणाची वेळ टळून फिरली, हात थरथरले, घाम फुटला, साखर उतरली होती. त्या दिवसापासून झोपताना 'असू दे आधाराला' म्हणून एक शेंगापोळी सुरू झाली, वर सकाळी चटणीचा चमचा वाढला. साखर उतरली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबून परत तपासणी, एवढं पुरतं. रोज रात्री पोळी लागत असेल तर डोस चुकतोय. तो डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा. आईचा रात्रीचा डोस कमी झाला, पोळी सुटली. सोबत मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध चालू ठेवलं तर वाढ कमी राहते, तेही विचारून घ्यावं. पाय सुजून चार दिवसांत काटा भराभर चढला तर ती चरबी नव्हे, पाणी असतं. तेव्हा लगेच दाखवायचं.

बंद केल्यावर वजन उतरतं, हेही खरं. गळती पुन्हा सुरू होते ना! टाइप १ वाल्यानं, म्हणजे ज्याचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही त्यानं, हा प्रयोग केला तर रक्तात आम्ल साचून काही दिवसांत जिवावर बेततं. वजनापायी डोस चुकवणाऱ्या तरुण मुली असतात, आणि हा मेसेज त्यांच्याही फोनवर जातो. मला राग येतो तो इथं.

जन्मभराचं म्हणाल तर टाइप १ ला हो. टाइप २ मध्ये ऑपरेशन, जंतुसंसर्ग, गरोदरपण अशा वेळी काही आठवडे-महिने देऊन थांबवतातही. ज्याला कायम लागतं, त्याचं स्वादुपिंड थकलेलं असतं. सुईनं सवय लावलेली नसते.

राहिली भाकरी. मालदांडीची असो नाहीतर कडक, ज्वारी म्हणजे पिष्टच. मैद्यापेक्षा बरी, पण मोजून. कडक भाकरी पातळ म्हणून चार चुरायच्या, वर शेंगाचटणी आणि तेल, आणि दोष सुईला.

मावशींना हे सगळं ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मग आमच्या ह्यांचा पट्टा दोन भोकं आत गेलाय, ते काय?" उद्या सकाळी उपाशीपोटी त्यांची साखर तपासायला घेऊन जातेय.