चार मोबाईल मोजले, कामं कोण मोजणार?

‘घरात दुष्काळ म्हणतात, अन् मोबाईल मात्र चार!’ हा मजकूर महिनाभर आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. पुढं तीन गोष्टी सांगितल्यात: दोन सिमचा एकच फोन अख्ख्या घराला पुरतो, रिचार्जचा पैसा खता-बियाण्याला लावा, आणि फोन वाढले तसं घरातलं बोलणं संपलं. शेतकऱ्यांची पोरंच हे पुढं ढकलतायत, याचं मला फार वाईट वाटलं.

एक फोन पुरतो म्हणता, तर आमच्याच घरातली सिमं बघा. एक सिम माणसाकडं नाहीच, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत आहे. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की वडील दोन वाजता बॅटरी घेऊन बांधानं निघायचे आणि ते परत येईपर्यंत आई जागी राहायची. इचू-काट्याची भीती वेगळीच. आता लाईट आली की पेटीच फोन करते आणि घरात बसून बटण दाबलं की मोटार सुरू होते. या सिमला चैन म्हणणाऱ्यानं एक रात्र त्या बांधावरून चालून दाखवावं.

वडिलांकडं बटणाचा मोबाईल आहे. एकदा चार्ज केला की तीन-चार दिवस बघावं लागत नाही. गावात ज्या कंपनीची रेंज आहे ती मळ्यात नाही, म्हणून त्यांचं सिम वेगळ्या कंपनीचं.

स्मार्टफोन माझ्याकडं. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी शेतकऱ्यानंच ॲपवर करायची, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. पाहणी झाल्याशिवाय सातबाऱ्यावर पीक चढत नाही. आभाळातली वीज पडायचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲपही त्यातच. पण तो फोन घेऊन मी दिवसभर बाहेर असतो, आणि आईच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडलेला आहे. ओटीपी तिथंच येणार.

२०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली तेव्हा बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही लागला, दोन्हींचे ओटीपी लागले. आमच्या शेजारच्या वहिनी सासू आजारी म्हणून त्या हंगामात गावातच थांबल्या होत्या आणि दादा कर्नाटकात उसाच्या फडावर. ओटीपी तिकडं गेला, त्यांनी वाचून सांगितला, इकडं वहिनींनी मुदत संपायच्या आत टाकला. नवरा-बायकोत एकच फोन असता तर महिन्याचे दीड हजार अडकले असते.

रिचार्जचं दुखणं मात्र खरं आहे, ते मी नाकारत नाही. बटणाच्या फोनलाही नेटचे पैसे भरावे लागायचे, हा अन्यायच होता. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस एवढंच असलेलं रिचार्ज ठेवायला सांगितलं. दुकानदार आपणहून ते सांगेलच असं नाही, मागून घ्यावं लागतं. नावावर नको ती सिमं असतील तर सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर बघून बंद करावीत. पण त्यासाठी आईचा फोन काढून घ्या म्हणणं मला पटत नाही. खर्च कमी करायचा म्हटलं की पहिला हात नेहमी बाईच्याच वस्तूवर का पडतो?

उरलं घरातलं बोलणं. धारूर-वडवणीकडची अर्धी गावं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, लेकरं आजीजवळ ठेवून. संध्याकाळी फडावर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, चूल पेटते तेव्हा आजीच्या फोनवर व्हिडिओ कॉल येतो. आजीला तो उचलता येत नाही, नातू उचलतो. माय आधी विचारते, जेवलास का. मग म्हणते, फोन जरा खाली धर, पायाची जखम भरली का बघू दे.