सीईटीची गाईडं छापणाऱ्यांनो, निदान उत्तरं तरी बरोबर छापा!

एका रात्री साडेअकराला माझी पोरगी सीईटीचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेचं, गाईड पुढ्यात घेऊन रडत बसली होती. एकच गणित, दीड तास. फिजिक्समधलं, रिंगच्या मोमेंट ऑफ इनर्शियाचं, म्हणजे अक्षाभोवती फिरवायला ती किती जड जाते त्याचं. अक्ष म्हणजे रिंगच्याच प्रतलातला टँजंट, कडेला टेकणारी रेषा. तिचं उत्तर येत होतं दीड एमआर स्क्वेअर (एम म्हणजे वस्तुमान, आर म्हणजे त्रिज्या) आणि गाईडच्या मागच्या पानावर छापलं होतं दोन एमआर स्क्वेअर. चार वेळा सोडवलं, चारही वेळा दीड. शेवटी वही मिटली आणि म्हणाली, "मम्मी, मला रोटेशनलचं प्रकरण कळतच नाही गं. माझ्याच्यानं सीईटी होणार नाही."

सकाळी तिच्या कॉलेजातल्या सरांना फोटो पाठवला. दोन ओळींत उत्तर आलं. व्यासाभोवती अर्धा, पॅरलल अ‍ॅक्सिस थिअरमनं त्यात एक मिळवायचा, झाला दीड. दोन येतं ते कडेवरचा अक्ष प्रतलाला काटकोनात असेल तेव्हा. म्हणजे पोरगी बरोबर होती, पुस्तक चूक होतं. आणि रात्रभर स्वतःला मठ्ठ समजत होती ती माझी पोरगी!

मी शाळेचे युनिफॉर्म शिवते, पीसवर. खिसा अर्धा इंच तिरका गेला तरी कारखान्यातनं पीस परत येतो. उसवायचा, परत शिवायचा, दोरा आपला, वेळ आपला, त्या पीसची मजुरी कधी मिळते कधी नाही. मी तक्रार करत नाही, चूक माझी असते. पण मग या पुस्तकवाल्यांचा पीस कोण परत टाकतं? चुकीचं उत्तर छापलं म्हणून कुणाचा एक रुपया कापला गेलाय का आजवर?

घेतानाची कथा तर अजून डोक्यात बसलीय. सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो, भर उन्हात, काम अर्ध्यावर टाकून. पुढ्यात सात-आठ गाईडं मांडली. सगळ्यांवर मोठ्या अक्षरात 'नवीन अभ्यासक्रम', सगळ्यांवर 'हमखास यश', आणि सगळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. पोरगी म्हणाली, जरा आत बघू द्या. तर म्हणे, "काकू, प्लॅस्टिक फोडलं की घ्यावं लागतंय." अहो, मी साडी घ्यायला गेले तरी दुकानदार घडी मोडून पदर दाखवतो! जिच्यावर पोरीचं वर्ष अवलंबून आहे ती वस्तू मी न बघता घ्यायची? बरं, तिला फक्त फिजिक्सचं हवं होतं. तर सेट सुटा मिळत नाही. तिन्ही घ्या. घेतली. चार दिवसांची शिलाई गेली.

घरी येऊन फोडलं. पहिल्या सराव पेपरवरच सूचना : चुकीच्या उत्तराला गुण वजा होतील. अहो, एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही! ते देशपातळीवरच्या जेईईला असतं. तिथली सूचना उचलून इथं चिकटवली, वाचायची तसदीसुद्धा घेतली नाही. माझी पोरगी तीन आठवडे शंका आली की प्रश्न सोडून देत होती. गणिताचा एकेक प्रश्न २ गुणांचा, ५० प्रश्न, २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, वेळ ९० मिनिटं. तिथं कोरे सोडायची सवय लागली म्हणजे किती नुकसान, याचा हिशेब त्या छापणाऱ्यानं करावा. पर्सेंटाइलमध्ये थोडं जरी खाली आलं की कॅप राउंडला, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी फेरीत, कॉलेज हातचं जातं.

आणि ते 'नवीन अभ्यासक्रम' म्हणजे काय, तर नवीन कव्हर. बारावीची पुस्तकं २०२० साली बदलली. या गाईडात त्याच्या आधीचे प्रश्न तसेच पडलेत. सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, तेही ठरावीक प्रकरणांवरचे, आणि ८० टक्के बारावीचे. यांनी अकरावी सगळीच्या सगळी घातली, पानं फुगवली, किंमत वाढवली. परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या वेबसाइटवर प्रकरणांची यादी असते, ती एक पान छापली असती तरी पोरांचे किती दिवस वाचले असते.

'मागील वर्षांचे पेपर' हा तर निव्वळ उघड खोटेपणा. २०१९ पासून परीक्षा कॉम्प्युटरवर होते, कितीतरी दिवस चालते, दिवसात दोन-दोन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. मग 'अमुक सालचा पेपर' म्हणून जे छापलंय ते कुठल्या दिवसाचं, कुठल्या शिफ्टचं? एक अक्षर लिहिलेलं नाही.

लातूरला नाहीतर पुण्याला क्लास लावलेल्या पोरांना चूक सापडली तर विचारायला माणूस असतो. आमच्या पूर्व भागात खोलीच्या एका कोपऱ्यात शिलाई मशीन, मागच्या गल्लीत दिवसभर कापडाच्या मागांचा खडखडाट, त्यात ही पोरगी कानात कापूस घालून अभ्यास करते. यंदा गड्ड्याच्या जत्रेलासुद्धा गेली नाही, मैत्रिणी बोलवायला आल्या होत्या. तिला विचारायला ते पुस्तकच आहे. अशा पोरांना तुम्ही फसवता, आणि लाज वाटत नाही तुम्हाला!

सर म्हणाले, आधी बालभारतीचं पुस्तक ओळ न ओळ वाच, मागचे स्वाध्याय सगळे कर, मग गाईडला हात लाव. बालभारतीची पीडीएफ फुकट मिळते. दुकानात मी हेच विचारलं होतं, पाठ्यपुस्तकावर भागेल का म्हणून. "त्यानं काय होतंय काकू" म्हणाला. फुकटच्या पुस्तकावर त्याला काय सुटणार होतं!

आता गाईड टाकून देता येत नाही, पैसे गेलेत. सरांकडनं एकेक उत्तर तपासून घेतोय. पोरीनं शेवटच्या कोऱ्या पानावर यादी सुरू केलीय : पान नंबर, प्रश्न नंबर, छापलेलं उत्तर, खरं उत्तर. फिजिक्सच्या पाच प्रकरणांत २३ चुका झाल्यात. पुढच्या वर्षी हे पुस्तक शेजारच्या अकरावीतल्या पोरीला द्यायचं ठरलंय, म्हणून अक्षर मुद्दाम सुवाच्य काढतेय.