खरी कमाई आणि क्यूआर कोड

स्काऊट-गाईडमधल्या मुलींना विक्री करता करता मोबाईल जपून वापरायला शिकवावं, असं एका लेखात वाचलं, ते अगदी पटलं. आमच्या राजारामपुरीत गाईडच्या मुली दिवाळीआधी ‘खरी कमाई’साठी, म्हणजे स्वतःच्या कष्टानं पैसे मिळवण्याच्या उपक्रमासाठी, उटणं, पणत्या विकतात. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन कर’ म्हणून फोटो धाडला. सातवीतली पोरगी पिन टाकणार, तेवढ्यात आईनं हात धरला. पैसे घेताना पिन लागतच नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! पैसे घ्यायचं खातं पालकांचंच असावं. स्टेटसला पणत्यांचा फोटो ठेवा, पण गणवेशातला फोटो, घरचा पत्ता नको. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. ओरडा बसेल म्हणून पोरी गप्प राहतात, ते मला जास्त खुपतं.