गणवेशांच्या दालनातल्या अंधाराबद्दल

नमस्कार. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन युद्धसंग्रहालय बघायला आलात आणि नाराज होऊन गेलात, याबद्दल मनापासून माफी मागतो. आमचा कर्मचारी चढ्या आवाजात बोलला, ते चुकलंच. त्याला समज दिली आहे.

पण आपल्या रिव्ह्यूमधलं ‘विजेचं बिल वाचवायला दालन अंधारात ठेवतात’ हे वाक्य फार लागलं. गणवेश आणि पदकांच्या फितींवर आम्ही ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड पडू देत नाही. रंगवलेल्या जुन्या कापडासाठी जगभरातली संग्रहालयं हाच आकडा धरतात. शेजारच्या बंदुकांच्या दालनात लख्ख उजेड आहे, कारण पोलादाला उजेडाने काही होत नाही. बिलच वाचवायचं असतं तर आधी तिथले दिवे काढले असते.

कापडाचा उडालेला रंग परत आणता येत नाही. आपण ज्या पेटीपाशी उभे होता, तिच्यात १९३९-४५ स्टार हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश पदक आहे. फितीवर तीन उभे पट्टे: गडद निळा नौदलाचा, लाल भूदलाचा, फिका निळा हवाई दलाचा. गडद निळा विटला की दोन्ही निळे सारखेच दिसणार, मग नौदल कुठलं आणि हवाई दल कुठलं?

रोज आठ तास ५० लक्स म्हणजे ४०० लक्स-तास. मोबाईलचा टॉर्च काचेजवळ धरला आणि फितीवर ५०० लक्स पडले, तर एका मिनिटाचे आठ लक्स-तास होतात. सुट्टीच्या गर्दीत पन्नास जणांनी असं केलं की आणखी ४००, म्हणजे रोजचे धरून एका दिवसात दोन दिवसांचा मारा. आपण तिसऱ्यांदा टॉर्च लावलात तेव्हा कर्मचाऱ्याचा आवाज चढला. आधी दोनदा त्याने विनंती केली होती, ते मात्र आपण लिहिलं नाहीत.

उन्हातून आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं नीट दिसत नाही, हे अगदी खरं. म्हणून तर बंदुकांचं दालन आधी ठेवलंय, तिथे डोळे सरावतात. सुट्टीला रांग वाढली की आम्ही बाजूचं दार उघडतो आणि माणसं रणगाड्याजवळच्या उन्हातून थेट गणवेशांपुढे येतात. ही चूक आमची. त्या दाराचं काहीतरी करतो, पाटीही मोठी लावतो.

मुलाला गॅस मास्क घालू दिला नाही, ही तक्रार मात्र मान्य नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच मास्कच्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज आहे. वरून फिल्टरचा डबा धड दिसला तरी श्वासाबरोबर तंतू छातीत जाऊ शकतात. तो नियम बदलणार नाही.

संग्रहालय फक्त तिकिटांवर चालतं, त्यामुळे असा एक रिव्ह्यूही आम्हाला जड जातो. जमलं तर आडवारी सकाळी पुन्हा या. फितीवरचे तिन्ही पट्टे मुलांना मी स्वतः दाखवीन.