हवापालट

डॉक्टर म्हणाले, "जरा विश्रांती घ्या." एवढंच. पुढचं सगळं बायकोने केलं. तिने हे वाक्य पुण्याच्या माझ्या मावसभावाला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं आणि तिकडून हुकूम सुटला, "पाठवून दे त्याला शनिवार-रविवार. नदीकाठचं घर आहे, टेकडी हाकेवर आहे. डोंबिवलीत राहून कुणाला बरं वाटलंय का आजवर?"

दादाचं घर नारायण पेठेत, मुठेच्या काठाला. गॅलरीत उभं राहून, शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे चुकवून डावीकडे वाकलं की नदी दिसते. उन्हाळ्यात वाकावंही लागत नाही, वासावरूनच कळते. मी गेलो ते जुलैमध्ये, म्हणजे ज्या दिवसांत मुठा खरोखर नदीसारखी वागते. वर्षभर तिच्याकडे ढुंकूनही न बघणारे पुणेकर तेव्हा आजारी नातेवाइकाची करावी तशी तिची तासातासाला चौकशी करत असतात.

शुक्रवारी रात्री शिवनेरीतून उतरून, भिजून घरी पोहोचलो. प्रकृती कशी आहे, हे कुणीच विचारलं नाही. दादाने दारातच विचारलं, "लोणावळ्यात पाऊस कसा होता?" लोणावळ्याचं पाणी इंद्रायणीला जातं, त्याचा पुण्याच्या खडकवासला धरणाशी काही संबंध नाही. पण पावसाची माहिती वाया जाऊ द्यायची नाही, अशी त्या घराची शिस्त आहे.

जेवताना धरणं वाढली. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला. चारही मिळून सुमारे २९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), आणि त्यात ज्याच्या दाराशी पुणं वसलंय तो खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचा. "म्हणजे वरची तिन्ही भरायला लागली की हा बिचारा पटकन भरतो," वहिनी आमटीचा डाव हातात तसाच धरून सांगत होत्या, "आणि मग सोडतात. भाऊजी, काल किती क्युसेक होतं माहितीये?" मला आमटी हवी होती. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर, हे मला त्या रात्री कळलं. माझ्या पानात आमटी मात्र त्या मानाने फारच कमी विसर्गाने आली.

पहाटे पाचला दिवा लागला.

"दादा, मला विश्रांती सांगितलीय."

"मग? टेकडीवरच जायचंय. कामाला थोडंच जातोय आपण!"

पुण्यात 'टेकडी' या शब्दापुढे हरकत चालत नाही. मुलगा ऐकत नाही, टेकडीवर ने. साखर वाढली, टेकडीवर जा. सासू-सुनेचं जमत नाही, दोघींना वेगवेगळ्या वेळी टेकडीवर पाठवा. दादाची टेकडी म्हणजे वेताळ टेकडी, शहरातली सगळ्यांत उंच. हनुमान टेकडी घराला जवळ पडते, पण ती "लहान मुलांसाठी" आहे. स्कूटरवरून पत्रकारनगरच्या बाजूला जाऊन आम्ही चढायला लागलो. दादा पुढे, मी मागे. चपला मी डोंबिवलीच्या फलाटांसाठी घेतलेल्या होत्या. लाल चिखलाने आधी त्यांचे तळ झाकले, मग पट्टे, आणि एका वळणावर उजवी चप्पल स्वतःकडे ठेवून घेतली.

"उंची कितीये रे हिची?" मी एका पायावर उभा राहून विचारलं.

"आठशे मीटरच्या आसपास. पण समुद्रसपाटीपासून हां. पुणंच मुळी साडेपाचशेच्या वर आहे. आपण चढतो ते जेमतेम अडीचशे."

हा हिशेब पुणेकरांना लागू आहे. मी समुद्रसपाटीवरून आलो होतो. बोरघाटातले साडेपाचशे मीटर मी शिवनेरीत खिडकीला डोकं टेकून चढलो, तेही माझ्याच खात्यात धरायला हवेत, असं मी म्हणालो. दादाने ते धरले नाहीत.

टेकडीवर रोज येणाऱ्यांचे गट असतात. आम्ही सव्वासहाला वर टेकलो तर उतरणाऱ्या एका आजोबांनी दादाकडे पाहून नुसतं घड्याळ दाखवलं. दादा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "पाहुणे आहेत." आजोबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, चपलेवर थोडे जास्त थांबले आणि "मुंबई?" एवढंच विचारून निघून गेले. मोर दिसतो असं ऐकलं होतं. मला ऐकूच आला, तोही अशा आवाजात की त्यालाही कुणीतरी पाचला उठवलं असावं. उंदीरमारीच्या झाडीतून एक लांडोर मात्र शांतपणे रस्ता ओलांडून गेली. तिला कसलीच घाई नव्हती. संपूर्ण टेकडीवर विश्रांती घेणारी ती एकटीच.

तिथेच मला माझा शोध लागला. धाप लागून छातीचा भाता झाला होता, पण "जरा थांबूया" म्हटलं की गटातल्या पासष्टीच्या काकू "आत्ता तर सुरुवात आहे" म्हणून पुढे व्हायच्या. शेवटी सहज, बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "तो बालभारती ते पौड फाटा रस्ता इथूनच जाणार ना?"

सगळे थांबले. पाण्याच्या बाटल्या बाहेर निघाल्या. एका काकांनी काठीने चिखलात आखणी काढली. टेकडी पाऊस कसा पिते, ते पाणी खाली कसं झिरपतं, रस्त्यासाठी खडक फोडला तर काय होईल, २०२३ मध्ये लोक कसे मोर्च्याला उतरले होते, सगळं मला रीतसर समजावून सांगण्यात आलं. मी एका दगडावर बसून घेतलं. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं, हेही सांगायला हवं. पण पटल्याचं सांगितलं की लगेच चालायला लागतील, हेही दिसत होतं. म्हणून नाडी अजून वर असल्याचं पाहून मी हळूच म्हणालो, "पण कोथरूडची वाहतूक जरा सुटेल ना त्याने?"

याने आणखी बरीच विश्रांती मिळाली. पहिल्या प्रश्नावर ते मला नागरिक समजत होते, दुसऱ्यानंतर महापालिकेचा माणूस समजू लागले, पण बसायला मिळालं. पुढे खाणीपाशी दम लागला तेव्हा मेट्रो काढली. मेट्रो नदीपात्रातून न्यायला हवी होती का, या विषयावर पुण्यात माणूस पोटभर विसावू शकतो.

दुपारी झोपेन म्हटलं, तर खालच्या मजल्यावरचे नाना आले. नानांना पानशेत आठवतं. त्या पेठांमध्ये काळ मोजायचा तो पानशेतच्या आधी आणि पानशेतनंतर. १२ जुलै १९६१ला बांधकाम चालू असलेलं पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेला, आणि पुण्यात नदी पेठांमध्ये शिरली. नानांनी मला पायऱ्या उतरवून जिन्यात नेलं आणि भिंतीवर डोक्यापेक्षा वर हात ठेवला. "इथवर." तिथे खूण वगैरे काही नाही, भिंतीला कितीतरी रंग लागून गेले. पण हात बरोबर तिथेच जातो. मग धान्य कसं सडलं, माणसं कुठल्या गच्चीवर चढली, चिखल किती दिवस उपसला हे सांगताना ते जिन्यातच बसले. मीही बसलो. दोन दिवसांत मला कुणी आपणहून बसवलं असेल तर ते नानांनी.

संध्याकाळी "पाणी बघायला" निघालो. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला होता. आधी पोलिसांनी नदीपात्रात लावलेल्या गाड्या काढा म्हणून भोंग्यावरून ओरडून सांगितलं, मग न ऐकलेल्यांच्या गाड्या क्रेनने उचलल्या, आणि मग भिडे पूल पाण्याखाली गेला. हा पूल बांधलाच इतका खाली आहे की पावसाळ्यात त्याने बुडायचंच असतं. किती पाऊस झाला हे इतर शहरांत मिलिमीटरमध्ये सांगतात, पुण्यात 'भिडे पूल गेला' म्हणतात. झेड ब्रिजवर एरवी ज्या जोडप्यांचं राज्य असतं त्यांना बाजूला सारून अख्खी कुटुंबं कठड्याला टेकली होती. तांबडं पाणी, त्यावर जलपर्णीचे पुंजके, एक थर्माकोलचा डबा, आणि दर डब्यामागे "तो बघ, तो बघ". कणीस घेतलं. कणीसवाला निखाऱ्यावर पत्रा धरून वारा घालत होता, लिंबू तिखट-मिठात बुडवून दाण्यांवर घासत होता, आणि गिऱ्हाईकाकडे न बघता पाण्याकडे बघत होता. "रात्री अजून सोडणार," तो म्हणाला. त्याचा आकडा दादाच्या आकड्याहून ताजा निघाला, तेव्हा दादाचा चेहरा पडला.

मला मात्र आनंद झाला. पूल पाण्यात, पाऊस चालू, टेकड्या सगळ्या पलीकडच्या तीरावर. झोपताना मी उदारपणे म्हणालो, "उद्या काही टेकडीला जाणं होत नाही बुवा. राहिलंच."

वहिनी मच्छरदाणी खोचत होत्या. "पर्वती आपल्याच तीरावर आहे की, भाऊजी."

पर्वतीला एकशे तीन पायऱ्या आहेत. पेशव्यांच्या काळात हत्ती चढायचे म्हणून त्या रुंद, उतरत्या ठेवल्या असं दादा सांगत होता. हत्तींना कुणी विश्रांती सांगितली नव्हती. वर देवदेवेश्वराला नमस्कार केला, आणि दादा मला कठड्याशी घेऊन गेला. "ती कालची वेताळ टेकडी. इकडे तळजाई, तिची पायवाट सुंदर आहे. आणि ढग हलले तर तो सिंहगड. पुढच्या वेळी जोडून सुट्टी काढून ये."

"दादा," मी म्हणालो, "पुढच्या वेळी तुम्ही दोघं डोंबिवलीला या."

"तुमच्याकडे आहे काय बघायला?"

"काही नाही. म्हणूनच बोलावतोय."

दादा विचारात पडला. पावसाचे थेंब चष्म्यावरून पुसले, पुन्हा लावला. "का रे," तो म्हणाला, "तुमच्या पश्चिमेला ती खाडी आहे ना, मोठागाव रेतीबंदरला? घरापासून पहाटे चालत निघालं तर किती वेळ लागतो?"