फुकट म्हणून गेले, अवघड म्हणून परतले?

‘लोक लिनक्सवर जातात ते फुकट मिळतं म्हणून, आणि महिन्याभरात विंडोजवर परत येतात ते टर्मिनलला कंटाळून.’ हे फॉरवर्ड सगळ्यांनी वाचलंय. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी.) दिसायला चटपटीत आहे, पण एकेक तुकडा तपासला तर फारसं काही उरत नाही.

आधी ‘फुकट’. घरचा लॅपटॉप बहुधा विंडोजसकटच येतो. लायसन्सचे पैसे किमतीत आधीच गेलेले असतात, लिनक्स टाकून ते परत मिळत नाहीत. अलीकडे लोक हलले त्याचं कारण वेगळं आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, एसएसडी, सगळं ठणठणीत चालतंय, तरी मायक्रोसॉफ्टच्या लेखी मशीन बाद! त्यावर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकणाऱ्याचे पैसे वाचलेच असतील तर ते नव्या लॅपटॉपचे.

‘टर्मिनलला कंटाळून.’ मिंट किंवा उबुंटू या दुसऱ्या प्रकारावर ब्राउझिंग, अपडेट, रोजचं टायपिंग यांसाठी टर्मिनल उघडावंच लागत नाही. परतलेल्या माणसाला खोदून विचारा, तो बहुतेक वेळा एकाच गोष्टीचं नाव घेतो. कुणाचं फोटोशॉप. कुणाची ऑफिसातून आलेली एक्सेल फाइल: लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये ती उघडते, बेरजाही बरोबर येतात, पण मॅक्रोचं (फाइलमधल्या छोट्या प्रोग्रॅमचं) बटण दाबलं की एरर. गेम्सची तऱ्हा आणखी न्यारी. वाल्व या गेम कंपनीने 2018 मध्ये प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आणल्यापासून विंडोजचे हजारो गेम्स लिनक्सवर चालतात, पण व्हॅलोरंट नाही, कारण त्याचं अँटी-चीट (लबाडी पकडणारा प्रोग्रॅम) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, ठाण मांडून बसतं. एपेक्स लेजंड्स तर चालत होता. 2024 मध्ये कंपनीनेच लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. त्यापायी विंडोज परत टाकणाऱ्याला लिनक्स ‘अवघड’ गेलं म्हणायचं?

एक मात्र मान्य. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिप असलेल्या मशीनवर ड्रायव्हर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर. तिथे नवखा माणूस वैतागणारच.

विंडोज सोपं वाटतं, कारण बहुतेकांनी ते स्वतः इन्स्टॉल केलेलंच नसतं. असो.

राहिलं ‘परत येतात’. कित्येक जण एकाच मशीनवर दोन्ही ठेवतात, आणि त्यांच्या तक्रारी या फॉरवर्डात सापडायच्या नाहीत. लिनक्स वापरून विंडोज चालू केलं की घड्याळ काही तास चुकलेलं, कारण मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक धरतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. दुसरी तक्रार: विंडोज शटडाऊन केलं तरी फास्ट स्टार्टअप या लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे ते पुरतं बंद होत नाही, आणि मग लिनक्स त्या ड्राइव्हवर काही लिहू देत नाही. दोन्ही ठेवणार असाल तर फास्ट स्टार्टअपचं तेवढं सेटिंग आधी बंद करून टाका.