‘तिने स्पष्ट नाही म्हटलंच नव्हतं’ वाल्या फॉरवर्डला उत्तर

शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर परवा परत तो फॉरवर्ड फिरून आला. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अनोळखी गुंडाने केला तर तो बलात्कार, ओळखीतल्या मुलाकडून होतो तो बऱ्याचदा नुसता ‘गैरसमज’, कारण मुली स्पष्ट नाही म्हणत नाहीत, इशारे देतात आणि पुरुषांना इशारे कळत नाहीत, त्यात दोन पेग झालेले असतात, आणि खरंच नको असतं तर ती ओरडली असती. खाली हात जोडलेला इमोजी. मी पण पुरुषच आहे, चाळिशीला आलोय, तर एकेक घेऊ.

ओळखीतल्याचं लवकर संपतं. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या एनसीआरबी या सरकारी संस्थेच्या 2021 च्या अहवालात बलात्काराचे 31,677 गुन्हे आहेत आणि त्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा. यात लग्नाचं आमिष दाखवल्याच्या केसेसही धरलेल्या असतात, त्यामुळे आकडा जरा जपून वापरावा हे मान्य, पण त्या बाजूला काढल्या तरी शेजारी, नातेवाईक, मालक, घरोब्यातले लोक हजारोंनी उरतात. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस त्यात शोधावा लागतो.

आता ‘इशारे कळत नाहीत’. इथे मला खरं बोलायचंय. आपण दिवसभरात सरळ ‘नाही’ किती वेळा म्हणतो? कुणी उसने मागितले की ‘महिनाअखेर आहे रे’. स्थळ नको असलं की ‘पत्रिका जुळत नाही’. साहेबांकडे पगारवाढीचं काढलं आणि ते ‘बघू’ म्हणाले की माणूस जागेवर परत यायच्या आधीच समजून चुकतो की यंदा काही खरं नाही, साहेबांनी स्पष्ट नकार दिला नव्हता म्हणून मीच पगार वाढवून घेतला असं कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या दोघी संशोधकांनी 1999 मध्ये हेच मांडलं, की रोजच्या बोलण्यात नकार असाच येतो, जरा थांबून, कारण देऊन, ‘आज नको’ करून, आणि समोरच्याला तो नीट कळतो. पुढे 2006 मध्ये काही संशोधकांनी तरुण मुलांनाच गटात बसवून विचारलं, तर ‘उशीर झालाय’ म्हणण्यापासून अंग चोरण्यापर्यंत सगळं आम्हाला नकार म्हणूनच कळतं असं मुलांनीच सांगितलं.

यावर ग्रुपमधला एक म्हणाला, आपल्यात आग्रहाची पद्धत आहे, नको म्हणजे अजून वाढ. बरं, पंगतच घ्या. पानावर आडवा हात आला की तो लटका आहे का खरा हे वाढप्याला लगेच कळतं, खरा असतो तेव्हा माणूस दोन्ही हात धरून पानावर ओणवा होतो. तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारा एक असतोच, आणि सोडताना तो हसत असतो, म्हणजे त्याला कळलेलं असतं. ज्याला खरंच कळत नाही तो ‘वाढू का?’ विचारतो, दोन शब्द लागतात.

आमच्या हॉस्टेलवर एकाने रात्री त्याची ‘स्टोरी’ सांगितली होती. ‘नको नको म्हणत होती, हात धरत होती माझा, पण मी काय ऐकतोय.’ म्हणजे तिचा नकार, तोही शब्दांत, त्यानेच सांगितला, आवाज काढून सांगितला. त्याला ऐकू आलं होतं, फक्त त्याच्या लेखी त्याला किंमत नव्हती. आम्ही सगळे हसलो. मी पण.

मग हे का होतं? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2013 मध्ये बांगलादेश, श्रीलंकेसह सहा देशांतल्या 10 हजारांवर पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला (भारत त्यात नव्हता). प्रश्नात बलात्कार हा शब्दच ठेवला नव्हता, नुसतं काय केलं ते विचारलं, आणि ज्यांनी केल्याचं सांगितलं त्यांनी सगळ्यात जास्त दिलेलं कारण हे, की तिची इच्छा असो नसो, आपला हक्कच आहे. दारूचं कारण सगळ्यात कमी जणांनी दिलं. पेगचा मुद्दा तिथेच संपला.

राहिलं ‘ओरडली असती’. हे वाक्य जुनं आहे आणि महाराष्ट्रातलंच आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, आणि अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिने विरोध केला नाही असं धरून सुप्रीम कोर्टाने दोघा पोलिसांना सोडलं. त्यावरून देशभर मोर्चे निघाले, 1983 मध्ये कायदा बदलला. भीतीने शरीर गोठतं, हलता येत नाही, आवाज फुटत नाही; स्वीडनमध्ये अत्याचारानंतर दवाखान्यात आलेल्या 298 बायकांपैकी 70 टक्क्यांना तसं झालं होतं, हा अभ्यास 2017 चा. आणि 2013 पासून आपल्या कायद्यातच लिहिलंय की संमती म्हणजे शब्दांनी किंवा हावभावांनी दिलेला स्पष्ट, स्वेच्छेचा होकार, नुसता अंगाने विरोध केला नाही म्हणून ती संमती ठरत नाही. आता ते जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे. म्हणजे ‘नाही’ किती जोरात म्हटलं हा प्रश्नच नाही, ‘हो’ कुठे होतं ते दाखवा.

हे सगळं फॉरवर्ड टाकणाऱ्या मित्राला पाठवलंय. त्याचं उत्तर आलं, ‘बघू, वाचतो सवडीने.’

नाही वाचणार. मला कळलं बरोबर.